दादा कोणत्या गाडीत होता

बाबांनी उभी हयात जबलपूरच्या सरकारी कारखान्यात फौजेचे ट्रक बनवले, आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलाने अमेरिकेत युरोपातल्या चिमुकल्या गाड्या विकल्या. विकल्या म्हणण्यापेक्षा विकायचा प्रयत्न केला. ह्या दोन गोष्टी एकाच घरात घडल्या नसत्या तर दादा आज असता, असं मला वाटतं. घरात मी हे कधी बोलले नाही, कारण आमच्या घरात मत असण्याचा मक्ता बाबांकडे होता.

आजोबा अमरावतीकडून नोकरीसाठी इथे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहून गेलो. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. मदन महालच्या खडकांच्या पायथ्याशी आमचं घर आहे. आई आम्ही कॉलेजात असतानाच गेली. मग उरलो बाबा, दादा आणि मी. मी राइट टाउनमधल्या एका शाळेत भूगोल शिकवते, लग्न केलं नाही, आणि हिच्या तोंडाला लागू नये असं शाळेत सगळेच एकमेकांना सांगतात. बाबांच्या तोंडाला मात्र मी लागत नसे.

बाबा ज्या शेडमध्ये फोरमन होते तिथे एक रीत होती. ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, बाबांच्याही आधी कुणीतरी पाडली होती. ट्रक तयार झाला की चाचणीला जायचा, आणि त्या वेळी ज्याने त्याचे ब्रेक बसवले तोच माणूस ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा. उतारावर गाडी सोडायची आणि ब्रेक मारायचा. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कारखाना घरच्या लोकांना बघायला उघडा असे, तेव्हा बाबांनी आम्हाला तो उतार दाखवला होता. मी विचारलं, "अन् ब्रेक नाही लागला तर?" बाबा म्हणाले, "आपल्यालेच बसायचं आहे हे माहीत असलं का बरोबर लागते." दादा हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण बाबांच्या शेडमध्ये कुणी अंगचोरपणा करत नसे हे खरं. बाबांनी ही रीत घरीही आणली. दादाने इस्त्री दुरुस्त केली तर तिची पिन दादानेच लावायची. मी भाजी केली तर पहिला घास मीच खायचा. माझ्या त्या काळातल्या भाज्यांचा विचार केला तर ही शिक्षा बरीच कडक होती.

दादा इथेच इंजिनिअर झाला, पुढे शिकायला अमेरिकेत गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. नागपूरची मुलगी केली. एक मुलगी झाली. मग एका रविवारी फोनवर म्हणाला, नवीन काम धरलंय. तिकडे तेव्हा पेट्रोल बरंच महागलं होतं. युरोपातल्या एका जुन्या कंपनीला वाटलं की आता अमेरिकेतला माणूस लहान गाडी घेईल. ती कंपनी आपली सगळ्यात लहान गाडी तिथे आणत होती, आणि टेक्सासातल्या शोरूमच्या मेकॅनिकांना ती शिकवण्याचं, गावोगाव नेऊन दाखवण्याचं काम दादाकडे आलं होतं.

"लहान म्हणजे केवढी?" बाबांनी विचारलं. दादाने लांबी सांगितली. बाबांनी फोन माझ्या हातात दिला, टेप घेतला आणि अंगणात जाऊन मोजलं. फाटकापासून सुरू झालेली गाडी तुळशीच्या अलीकडेच संपली.

"डबा आहे हा," ते परत येऊन म्हणाले. "ह्याच्यापेक्षा आमच्या ट्रकचा टायर बरा."

मागचं दार वर उघडणारी, पुढे दोघांना ऐसपैस आणि मागे बसणाऱ्याला आपल्याच गुडघ्यांवर हनुवटी टेकवायला लावणारी ती गाडी होती. इथल्या रस्त्यांवर तशा गाड्यांची आम्हाला सवय होती, त्यामुळे त्यात विशेष ते काय हेच मला कळेना. दादा म्हणाला, विशेष ती गाडी नाही, विशेष हे लोक आहेत.

बाबांचं मत मात्र पंधरवड्यात पालटलं. त्यांच्या कारखान्यातले ट्रकही मुळात परदेशी नकाशांवरूनच बनत. एका देशाची गाडी दुसऱ्या देशात नांदवायची म्हणजे काय, हे त्यांना अमेरिकेतल्या कुठल्याही साहेबाहून जास्त कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. कागदावर ट्रक देखणा असतो, पण कागदावर बुंदेलखंडची धूळ नसते आणि क्लचवरून पाय न उचलणारा आमचा ड्रायव्हरही नसतो, हे ते दादाला पुन्हा पुन्हा ऐकवायचे. दादाही रंगून सांगायचा. अमेरिकेतला माणूस गाडीत खातो, पितो, जवळपास संसारच करतो, आणि युरोपवाल्यांनी गाडीत पेला ठेवायला धड जागाच ठेवली नव्हती. ती केली. खुर्च्या रुंद केल्या. धडकेचे तिकडचे कायदे निराळे, म्हणून बंपर पुढे काढले, बाजूंना नारिंगी दिवे लावले, आत हवेच्या पिशव्या वाढवल्या. गिअर हाताने टाकायचा तर तिथल्या निम्म्या लोकांना तो येतच नव्हता, म्हणून आपोआप पडणारे गिअर बसवले. हे सगळं होईपर्यंत गाडीचं वजन वाढलं आणि ती पूर्वीइतकी चपळ राहिली नाही.

"ॲव्हरेज किती देऊन राहिली?" बाबांचा हा प्रश्न दर रविवारी ठरलेला.

"चांगलं देते, बाबा. पण इथं कोणी विचारतच नाही."

"मंग काय विचारते?"

"इथल्या दांडग्या पिकअप ट्रकच्या बाजूला उभी असली तर पिकअपवाल्याले दिसते का, ते विचारतात."

बाबा खो खो हसले. दादाही हसला, पण त्याचं हसू लवकर संपलं.

पहिल्या वर्षी त्या गाडीचं कौतुक झालं. लोक येत, वाकून आत बसत, आपले गुडघे कुठे जातात ते बायकोला दाखवत, फोटो काढून घेत, आणि पलीकडची भलीमोठी गाडी घेऊन घरी जात. शोरूमचे मालक तर तिला दारातच ठेवायचे, लग्नाच्या मांडवाबाहेर केळीचे खांब लावतात तशी. आत यायला कारण म्हणून ती बरी होती. एका बाईंनी हौसेने घेतली आणि थोड्याच दिवसांत परत आणली, कारण नवरा तिच्यात बसायला तयार नव्हता. शेजारी हसतात म्हणाला. दादा हे नक्कल करून सांगायचा. तो फार चांगल्या नकला करायचा, आणि मला वाटायचं की नकला करण्यावर वेळ आली म्हणजे धंदा बसत चाललाय.

मग पेट्रोल पुन्हा स्वस्त झालं. ज्या कारणासाठी गाडी तिथे नेली होती ते कारणच राहिलं नाही. आणि दादाचा तिथे राहायचा परवाना त्या नोकरीला बांधलेला होता. गाडी चालली नाही तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की पाठोपाठ तिघांना गाशा गुंडाळावा लागणार. वहिनीचं तिकडे शिक्षण चाललं होतं, पोरगी बालवाडीत जात होती. दादाने हे कधी रडून सांगितलं नाही, पण रविवारच्या फोनवर त्याचा आवाज बसल्यासारखा यायला लागला. बाबा रात्रंदिवस त्याच विचारात असत. ट्रक बनवणाऱ्या माणसाने त्या डब्याला आपलं नातवंड मानलं होतं.

तेवढ्यात ते दिसलं. आम्ही तेव्हा फोनवर एकमेकांना बघायला नुकतेच शिकलो होतो. दादा त्याच्या घराच्या अंगणात उभा राहून बोलत होता, आणि त्याच्या मागे एक काळी, उंच, जीपसारखी दांडगी गाडी उभी होती.

"ही कोणाची?" बाबांनी विचारलं.

"माझीच. जुनीच घेतली, बाबा."

"अन् आपली?"

"ती शोरूमची आहे. दाखवायला नेतो न मी."

"म्हंजे लोकायले म्हणते लहान गाडी घ्या, अन् सोता हत्तीवर बसून घरी जाते?"

"बाबा, तुम्ही इथले रस्ते नाही पाहिले. इथल्या पिकअपचा बंपर त्या लहान गाडीत माझ्या खांद्याले लागते. घरात लहान पोरगी आहे."

"अच्छा," बाबा म्हणाले. "मंग दुसऱ्याच्या घरात लहान पोरगी नसते काय? काहून विकून राहिला त्यायले?"

खरं सांगायचं तर बाबांचा तो प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. माणूस नुसता हेकट असला तर त्याला हेकट म्हणून सोडून देता येतं.

त्या दिवसापासून बाबा फोनवर येईनात. रविवारी फोन वाजला की अंगणात जाऊन झाडांना पाणी घालत बसायचे. मी समजवायला गेले तर म्हणाले, "गिऱ्हाईक येडं नसते. विकणारा कशात बसून घरी जाते ते बघते ते. शेडमध्ये एक जरी फिटर म्हणाला असता का मी नाही बसत, तर तो ट्रक फौजेनं घेतला असता काय?" मी म्हटलं, "बाबा, तिकडे लोकांना काय करायचंय दादा कशात बसतो त्याच्याशी?" ते म्हणाले, "तू भूगोल शिकव." मला आठवतं, मी भांडी आपटत आत गेले. पण त्यांचं मन मला कळत होतं. दादाची नोकरी वाचवायचा त्यांना तेवढा एकच उपाय माहीत होता, आणि तो त्यांच्या शेडमध्ये आजवर कधी फसला नव्हता.

दादाने ऐकलं. चाळिशीला आलेला, संसारी, स्वतः इंजिनिअर असलेला माणूस बापाच्या अबोल्यापुढे नमला. त्याने कंपनीतून स्वतःसाठी ती लहान गाडी घेतली, पिवळ्या रंगाची. काळी गाडी वहिनीकडे राहिली. पोरीला पिवळीत कधी बसवायचं नाही ही वहिनीची अट होती, आणि ती दादाने निमूट मान्य केली. पिवळीच्या टपावर हात टेकवून उभा असलेला त्याचा फोटो आला. बाबांनी तो मोठा करून आणला. दसऱ्याला आमच्या स्कूटरची पूजा झाली तेव्हा शेजारी तो फोटो ठेवून त्यालाही हार घातला, गंध लावलं, आणि संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकाला सोन्याबरोबर त्या गाडीची माहितीही दिली. ते पुन्हा फोनवर यायला लागले. दादा म्हणायचा, गाडी स्कूटरसारखी पळते, मजा येते. मला वाटतं त्याला खरंच मजा येत असावी. त्यामुळे टेक्सासात एक गाडी जास्त विकली गेली असं मात्र काही झालं नाही.

तो गेल्याचं कळलं तेव्हा इथे सकाळ होती आणि मी शाळेत होते. शिपाई वर्गात बोलवायला आला. वहिनीचा फोन होता. ती रडत नव्हती, एकेक वाक्य मोजून बोलत होती. दादा कामावरून घरी येत होता. चौकात त्याचा दिवा हिरवा होता. आडव्या रस्त्याने एक पिकअप लाल दिवा तोडून आली आणि त्याच्या बाजूच्या दारात घुसली. पिकअपवाल्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मग ती म्हणाली, "ताई, पिवळीत होते हे बाबांना सांगू नका. मोठ्या गाडीत होते म्हणा. नाहीतर ते जगायचे नाहीत."

नवरा जाऊन काही तास झालेले, आणि ही बाई परदेशात एकटी उभी राहून सासऱ्याचा जीव वाचवत होती. मी हो म्हटलं. घरी आले तर बाबा अंगणात पेपर वाचत बसले होते. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कोणत्या गाडीत होता?"

"मोठ्या," मी म्हणाले.

बाबांच्या चेहऱ्यावर एक क्षण सुटका दिसली. पोटचा मुलगा गेल्याची बातमी ऐकून सुटका. त्या क्षणी मला त्यांची शिसारी आली. लगेच ते असे ओरडले की शेजारचे धावत आले, आणि मग मला दुसरं काही वाटायला जागाच उरली नाही.

वहिनी पोरीला घेऊन आली. अस्थी आम्ही ग्वारीघाटावर नर्मदेत सोडल्या. बाबा पाण्यात कमरेपर्यंत उतरले होते आणि त्यांना बाहेर काढायला दोन नावाडी लागले. पण दहाव्याच्या सुमारास त्यांनी डोकं वर काढलं ते एक विचार घेऊनच. उंच गाडीचं वजन वर असते. बाजूनं धक्का बसला का ती उलटते. लहान गाडी जमीन धरून राहते, फार तर गोल फिरते. तो आपल्या गाडीत असता तर वाचला असता. हे ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. पेन मागून पेपरच्या कडेला दोन गाड्या काढायचे, उंच गाडीत वर एक ठिपका, लहान गाडीत खाली एक ठिपका, आणि बाणाने धक्का दाखवायचे. लोक माना डोलवायचे. वहिनी त्या लोकांना चहा द्यायची.

मला वाटलं होतं, सुतकाबरोबर हे संपेल. संपलं नाही. वर्षामागून वर्षं ते हेच सांगत राहिले, दूधवाल्याला, पेन्शनीच्या रांगेतल्या जुन्या फिटरना, मला. कधी कधी तर शेवटी म्हणायचे, "पोरानं माझं अर्धंच ऐकलं. त्या दिवशी बायकोची गाडी काहून नेली असंन?" मी मूग गिळून बसायची. वहिनीने तिकडेच शिक्षण पुरं केलं, नोकरी धरली, स्वतःचा परवाना मिळवला. दर उन्हाळ्यात पोरीला घेऊन ती जबलपूरला यायची, भिंतीवर टांगलेल्या त्या पिवळ्या गाडीच्या फोटोखाली बसून भाजी निवडायची आणि तिच्या नवऱ्याने कुठे चूक केली ते सासऱ्याच्या तोंडून ऐकायची. ती एकदाही उठून गेली नाही. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच उन्हाळ्यात तो फोटो मदन महालच्या टेकडीवरून खाली फेकला असता.

मध्यंतरी त्या कंपनीने अमेरिकेतला आपला लहान गाड्यांचा संसार आवरला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. दादाची सगळी मेहनत मातीत गेली म्हणाले.

पोरगी भराभर उंच झाली. मराठी तिला हळू बोललं तर समजतं, पण बोलते ती दर उन्हाळ्यात इथे शिकलेल्या हिंदीत, आणि मध्ये मध्ये आजोबांकडून उचललेलं "काहून" आवडीने घालते. तिकडे सोळाव्या वर्षी मुलं गाडी चालवायला लागतात. ह्या वेळी ती आली ती परवाना पाकिटात घेऊनच, आणि आल्या आल्या आजोबांच्या दिवाणावर बसून तिने फोन पुढे केला. त्यात एक जुनी पिवळी गाडी विकायला होती. तोच नमुना, तोच रंग. कंपनी गेली तरी जुन्या गाड्या तिकडे कुठे कुठे अजून मिळतात.

"आजोबा, पापावाली," ती म्हणाली.

तिला काही माहीत नव्हतं. बाप अपघातात गेला एवढंच तिला सांगितलेलं होतं. आजोबा जे सांगत तेच तिचं ज्ञान, आणि ती पिवळी गाडी म्हणजे भिंतीवरच्या फोटोतला हसणारा बाप. बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच पेन मागितलं.

वहिनीने नाही म्हणून पाहिलं. दुसरी कोणतीही घे, ही नको, म्हणाली. पोरगी फुरंगटली. म्हणाली, "आजोबांना गाड्यांतलं कळतं, तुला काय कळतं?" हिंदीत म्हणाली, पण टोचायचं तिथे टोचलं. बाबा सुनेला समजावायला लागले की बेटा, ही गाडी सगळ्यात सेफ आहे, मी सांगून राहिलो न. असे दोन-तीन दिवस गेले. पोरीने त्या विकणाऱ्याला कळवूनही टाकलं की आम्ही परत आलो की बघायला येतो.

स्वयंपाकघरात वहिनी मला म्हणाली, "ताई, आता?"

मी म्हटलं, "तिला आपण दोघी बाजूला घेऊन सांगू. बाबांना कशाला?"

"ती त्यांनाच जाऊन विचारंन. तिचा भरोसा माझ्यावर नाही, त्यांच्यावर आहे." तिने गॅस बंद केला. "नवऱ्याबद्दल मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. पोरीबद्दल नाही घेणार."

मी तिला थांबवलं नाही. थांबवावंसंही वाटलं नाही. चहाचे कप घेऊन आम्ही व्हरांड्यात गेलो. कूलर घरघरत होता. बाबा दिवाणावर, त्यांच्या शेजारी अगदी खेटून पोरगी, आणि तिच्या मांडीवर पेपर. बाबा उंच गाडीतला ठिपका गडद करत होते.

वहिनी उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी ते मोठ्या गाडीत नव्हते. पिवळीत होते."

बाबांनी वर पाहिलं. "मोठ्या गाडीत होता. हिनं सांगितलं," म्हणून त्यांनी पेन माझ्याकडे केलं.

"नव्हता, बाबा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले, मग वहिनीकडे. मला वाटलं आता ओरडतील. पण ते फोरमनसारखं, हळू आवाजात म्हणाले, "दार किती आत आलं होतं?"

वहिनीने हातातला कप खाली ठेवला आणि दोन्ही तळहात समोरासमोर धरले. "एवढीच जागा उरली होती." त्या तळहातांमध्ये एखादं जाडजूड पुस्तक बसलं असतं. बाबांनी ते अंतर नीट पाहून घेतलं.

"क्या हुआ, मम्मी?" पोरीने विचारलं. आमचं बोलणं भरभर झालं होतं, तिला धड लागलं नव्हतं.

"आजोबांना विचार," वहिनी म्हणाली. मग बाबांना म्हणाली, "तुम्हीच सांगा तिला. माझं ती ऐकत नाही."

बाबांनी पोरीच्या मांडीवरचा पेपर उचलला, घडी केली, आणि ती घडी कुठे ठेवायची ते न सुचून हातातच धरून बसले.

"बेटा, ही गाडी नको घेऊ," ते म्हणाले.

"काहून?" तिने हसत विचारलं. तिला वाटलं आजोबा गंमत करतायत.

मी मनातल्या मनात त्यांना सांगत होते, म्हणा, कंपनी उठून गेली, आता पार्ट मिळत नाहीत. तेवढं पुरलं असतं. पोरगी हिरमुसली असती आणि दुसरी गाडी बघायला लागली असती. मला खात्री आहे की बाबांनाही ते सुचलं होतं, कारण ते फोटोकडे बघून दोनदा काहीतरी बोलायला गेले आणि थांबले.

मग ते हिंदीत बोलले, एकेक शब्द सुटा करून, तिला काही समजायचं राहू नये म्हणून.

"तेरे पापा बड़ी गाड़ी में जाते थे, बेटा. इसमें जाना नहीं चाहते थे. मैंने बात करना बंद कर दिया, तब जाकर इसमें बैठे. इसी में गए."

पोरीचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी तिच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला. ती उठली, दिवाणावरचा आपला फोन घेतला, आणि पलीकडे वहिनीजवळ जाऊन बसली.